रुपया पडला, तरी ढाक्यात आपला कांदा महाग का? (विनिमय दर आणि भारत-बांगलादेश व्यापार)

निफाडकर

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली आणि आमच्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच गोष्ट फिरू लागली: रुपया पडला, आता निर्यातवाल्यांची चांदी. मग पिंपळगावला किंवा लासलगावला लिलावात भाव चढला नाही की व्यापाऱ्याने मधल्यामधे खाल्लं, असा निष्कर्ष निघतो. मला हा विषय जवळचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

मी निफाड तालुक्यात कांदा निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो. इनव्हॉइस, शिपिंग बिल, बँकेत पैसे जमा होईपर्यंतचा पाठपुरावा, हे सगळं. आमचा बराच माल बांगलादेशला जातो. खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या माल निवडायच्या जागेवर, प्रतवारी करून गोण्या भरल्या की ट्रक पश्चिम बंगालच्या सीमेवर घोजाडांगा किंवा महदीपूरला लागतो. पलीकडे भोमरा आणि सोनामस्जिद.

तर हिशोब असा. बांगलादेशचा आयातदार रुपये कमावत नाही आणि डॉलरही कमावत नाही. तो ढाक्याच्या किंवा खुलन्याच्या बाजारात कांदा विकतो आणि त्याच्या गल्ल्यात टका, म्हणजे तिकडचं चलन, येतो. आमचं बिल मात्र डॉलरमध्ये असतं. म्हणजे एका व्यवहारात तीन चलनं आहेत. आपण सगळे फक्त रुपया-डॉलर बघतो. त्याच्यासाठी टका-डॉलर महत्त्वाचा असतो, आणि माल जाणार की नाही हे दोन्ही मिळून ठरतं.

जानेवारी २०२२ मध्ये डॉलर आपल्याकडे साधारण ७४.५० रुपये होता, ढाक्यात ८६ टका. म्हणजे एक रुपया सुमारे १.१५ टका. २०२४ च्या मध्यावर डॉलर आपल्याकडे ८३.५० रुपये आणि तिकडे ११७.५० टका. म्हणजे एक रुपया १.४१ टका.

या अडीच वर्षांत बातम्यांत रुपया सतत पडत होता. डॉलरसमोर तो पडलाच, जवळजवळ ११ टक्के. पण टक्यासमोर तो २२ टक्क्यांनी महागला. ज्या देशाला आपण कांदा विकतो त्या देशासाठी रुपया पडलेलाच नव्हता.

हेच कांद्यात मांडतो. समजा, खरेदी, हमाली, गोणी, ट्रकभाडं, घट आणि आमचा नफा धरून सीमेवर किलोला २२ रुपये पडतात आणि हा आकडा बदलतच नाही. (प्रत्यक्षात तो रोज बदलतो. फक्त चलनाचा परिणाम वेगळा दिसावा म्हणून स्थिर धरला.) २०२२ च्या सुरुवातीला टनाचे २२ हजार रुपये म्हणजे २९५ डॉलर, आणि त्याचे किलोला साधारण २५ टका ४० पैसे. २०२४ च्या मध्यावर त्याच २२ हजारांचे २६३ डॉलर. म्हणजे डॉलरमध्ये कांदा स्वस्त झाला. पण आयातदाराला किलोला पडले ३१ टका. आमच्या खळ्यावर एक पैसा वाढला नाही आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला कांदा २२ टक्क्यांनी महागला.

डिसेंबर २०२५ चा हिशोब: डॉलर ९० रुपये, टका १२२ च्या आसपास. एक रुपया १.३५ टका. थोडा फरक पडला, पण २०२२ चे दिवस परत आलेले नाहीत.

आणि हा झाला नुसत्या दराचा भाग. त्याहून वाईट वेळ येते ती डॉलर मिळतच नाही तेव्हा. ऑगस्ट २०२१ मध्ये बांगलादेशची परकीय गंगाजळी ४८ अब्ज डॉलर होती. युक्रेन युद्धानंतर इंधन, गॅस, गहू, खत सगळंच महागलं आणि ती झपाट्याने आटली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ४.७ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर करून घ्यावं लागलं. या काळात पार्टीचा, म्हणजे तिकडच्या आयातदाराचा, फोन यायचा, माल हवाय, भाव मान्य आहे, पण बँक एलसी (पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) उघडत नाही. जाहीर दर ११० टका असला तरी प्रत्यक्षात आयातदाराला त्याहून चढ्या दराने डॉलर घ्यावा लागायचा. कागदावरच्या दराने कोणाचाच हिशोब जुळत नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की 'रुपया पडला' हे अर्धं वाक्य आहे. कोणासमोर पडला आणि त्या कोणाकडे डॉलर आहेत का, हे त्याच्यापुढे जोडल्याशिवाय निर्यातीबद्दल काहीच कळत नाही. इतर मालाचा, इतर देशांचा अनुभव असणाऱ्यांनी जरूर लिहा.

---

चष्मेबद्दूर

वाचनखूण साठवली. रुपया-टका असा थेट दर मी आयुष्यात कधी बघितला नव्हता.

---

देरा_दुबई

निफाडकर, उत्तम धागा. आमच्याकडे चित्र उलटं आहे म्हणून लिहितो. यूएईचा दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५. त्यामुळे इथल्या आयातदाराला तुम्ही म्हणता ती तिसऱ्या चलनाची भानगड नाही. रुपया डॉलरसमोर पडला की दिरहमसमोरही तेवढाच पडतो. दुबईपुरतं 'रुपया पडला, माल स्वस्त' हे बरोबर आहे.

पण इथे वेगळी अडचण येते. अल अवीरच्या भाजी-फळ बाजारात भारतीय कांद्याच्या शेजारीच पाकिस्तानी कांदा असतो, इजिप्तचा असतो, कधी तुर्कस्तानचा. गिऱ्हाईक जाळीतला माल हातात घेऊन बघतं, साल सुटलंय का, मान जाड आहे का, ओल आहे का, आणि दर विचारतं. आता या सगळ्यांच्या चलनांचं बघा. पाकिस्तानी रुपया २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला १७६ च्या आसपास होता, सप्टेंबर २०२३ मध्ये ३०० च्या पुढे गेला. इजिप्तचा पौंड मार्च २०२२ पर्यंत १५.७० होता, मार्च २०२४ मध्ये एका दिवसात ३१ वरून ५० च्या घरात आला. आपला रुपया त्या काळात ७५ वरून ८३.

म्हणजे आपण पडलो, पण शेजारी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पडले. विकत घेणाऱ्याच्या चलनाइतकंच महत्त्व आपल्या स्पर्धकाच्या चलनाला आहे. त्यांच्याकडे महागाईही भडकली, त्यामुळे त्यांचा सगळा फायदा टिकला नाही हेही खरं. पण चलन कोसळल्यावरचे पहिले काही महिने ते आपल्याला भावात सहज मागे टाकतात. एकदा इथल्या हॉटेलवाल्याला दुसऱ्याच्या मालाची सवय लागली की त्याला परत आणायला दर्जाच लागतो.

---

निफाडकर

@देरा_दुबई, स्पर्धकाचा मुद्दा फार महत्त्वाचा. रिझर्व्ह बँक ४० देशांच्या चलनांची टोपली धरून रुपयाचा निर्देशांक काढते, त्यात महागाईचा फरकही धरतात. तो बघितला की नुसत्या डॉलरपेक्षा बरं चित्र कळतं. पण तोही सरासरीच. ज्याचा सगळा माल दोन-तीन देशांतच जातो त्याला सरासरीचा काय उपयोग?

---

विंचूरचा_शेतकरी

राग मानू नका, पण हे सगळं वाचून माझ्यासारख्याला त्रास होतो. तुम्ही टका न् डॉलर करताय. आमचं वाटोळं विनिमय दराने केलं का? ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद केली. उन्हाळ कांदा निघायच्या तोंडावर बंदी वाढवली. मे २०२४ मध्ये उघडली तीही ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. या काळात रुपया ८३ असता काय आणि ९३ असता काय, माल सीमेपलीकडे जाणारच नव्हता. साठवणीच्या चाळीत कांदा सडताना आम्ही बघितलाय. त्यामुळे दराचा अभ्यास करा, पण मुख्य दोषी कोण ते आधी लिहा.

---

निफाडकर

दादा, राग कशाला. बंदी असताना विनिमय दराला काही अर्थ नसतो हे शंभर टक्के मान्य. पण तुम्ही सांगितलेल्या तारखांतच माझा मुद्दाही आहे.

४ मे २०२४ ला निर्यात उघडली. किमान किंमत ५५० डॉलर आणि त्यावर ४० टक्के शुल्क, म्हणजे २२० डॉलर. शुल्क भरतो निर्यातदार, पण वसूल मालाच्या किमतीतूनच करावं लागतं. म्हणून टनाचा भाव ७७० डॉलरच्या खाली आणताच येत नव्हता. ढाक्यात तेव्हा दर ११० टका. म्हणजे किलोला जवळपास ८५ टका, तेही त्यांच्या बाजूचा कर आणि वाहतूक न धरता.

आणि चारच दिवसांनी, ८ मे ला, बांगलादेश बँकेने टक्याचा दर एका फटक्यात ११० वरून ११७ केला. तोच कांदा ८५ चा ९० टका झाला. इकडे दिल्लीने कुलूप काढलं आणि तिकडे ढाक्याने चौकट बदलली. आमच्याकडे त्या आठवड्यात बोलणी झालेल्या पार्ट्यांनी पुन्हा फोन करून भाव कमी करायला सांगितलं. पण कमी करणार कुठून? किमान किंमत सरकारने डॉलरमध्ये ठरवलेली. रुपयातला खर्च कमी करून उपयोग नाही, बिलावर ५५० च्या खाली आकडा टाकताच येत नव्हता.

हे विशेष लक्षात घ्या. किमान निर्यात किंमत डॉलरमध्ये असली की रुपया पडण्याचा उरलासुरला फायदाही गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही. धोरण आणि विनिमय दर इथे एकावर एक चढले.

---

विंचूरचा_शेतकरी

८ मे ची गोष्ट माहीत नव्हती. तेव्हा आम्हाला एवढंच सांगितलं होतं की बांगलादेशला मागणी नाही.

---

सुताचा_पीळ

आमच्याकडे कोल्हापूर भागातल्या गिरण्यांतून सूत बांगलादेशला जातं, मी विक्री बघतो. गंमत अशी की त्याच देशात, त्याच काळात, तोच टका पडत असताना आमच्या ऑर्डरवर दराचा तसा मार बसला नाही. कारण सांगतो.

कांदा घेणारा टका कमावतो. आमचं सूत घेणारा गारमेंटवाला डॉलर आणि युरो कमावतो. त्याने शर्ट युरोपला किंवा अमेरिकेला विकायचा आहे. परदेशी ब्रँडने त्याच्या नावे उघडलेल्या मूळ एलसीच्या आधारावर त्याची बँक आमच्या नावे दुसरी एलसी उघडते. याला बॅक-टू-बॅक म्हणतात. सुताचे पैसे शेवटी शर्टाच्या डॉलरमधून फिटतात. त्यामुळे टका ८६ चा ११७ झाला तरी त्याला आमचं सूत महागत नाही. उलट त्याचा मजूर, वीज, भाडं टक्यात असतं, ते डॉलरच्या हिशोबात स्वस्त होतं.

आम्हाला मार बसला तो वेगळ्या बाजूने. त्यांच्याकडे गॅससाठी डॉलर कमी पडले की कारखाने अर्ध्या क्षमतेने चालतात. बँकेची डॉलरमध्ये ओढाताण असली की एलसीची मुदत संपल्यावरही पैसे लांबतात. आमचंही एका बिलाचं पेमेंट मुदत उलटून कितीतरी आठवडे रखडलं होतं. माल विकला गेला, शर्ट निर्यात झाला, पैसे मात्र बँकांच्या मधे. दर अनुकूल असून उपयोग नसतो, कारण इकडे कापसाचे पैसे रोखीत द्यायचे असतात.

पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी जमिनीवरच्या बंदरांतून सूत घेणं बंद केलं, आणि मे मध्ये आपण त्यांचे तयार कपडे जमिनीच्या मार्गाने घेणं बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही बंदरं खुली ठेवली. तो राजकारणाचा भाग, त्यात शिरत नाही.

---

निफाडकर

@सुताचा_पीळ, याच प्रतिसादासाठी धागा काढला असं म्हणेन. एकाच देशाला जाणारा माल, पण घेणारा कशात कमावतो यावर दराचा परिणाम बदलतो. हे मी मूळ लेखात घ्यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे.

---

अर्थविद्या

मी अर्थशास्त्रात एमए करतेय. धाग्यातल्या गोष्टी पुस्तकाशी कुठे जुळतात ते सांगायचा प्रयत्न करते.

आम्हाला आधी शिकवतात ती मार्शल-लर्नर अट: चलनाचं अवमूल्यन केल्यावर व्यापार तोल सुधारायचा असेल, तर निर्यात आणि आयात यांच्या मागणीची लवचिकता मिळून एकापेक्षा जास्त हवी. म्हणजे भाव बदलल्यावर लोकांनी खरेदी पुरेशी कमी-जास्त केली पाहिजे. कच्च्या तेलाचं तसं होत नाही, महागलं तरी घ्यावंच लागतं. म्हणून अवमूल्यनानंतर सुरुवातीला तूट वाढते आणि करार नव्याने झाल्यावर, नवे ग्राहक मिळाल्यावर ती सुधारू शकते. आलेखाचा आकार इंग्रजी जे सारखा होतो. ६ जून १९६६ ला आपला डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० केला, तरी निर्यातीने लगेच उसळी घेतली नाही, कारण त्याच वेळी निर्यातीची अनुदानं काढली आणि दुष्काळही होता.

पण या जुन्या मांडणीत गृहीत असं होतं की विकणारा आपल्या चलनात भाव लावतो. अर्थशास्त्रज्ञ गीता गोपीनाथ यांनी दाखवलं की जगात तसं होत नाही, बहुतेक बिलं डॉलरमध्ये असतात. त्यांच्या २०१५ च्या अभ्यासात भारताच्या आयातीपैकी ८६ टक्के बिलं डॉलरमध्ये होती, आणि अमेरिकेकडून येणारी आयात होती फक्त ५ टक्के. निर्यातीचंही तसंच.

आता यातून काय होतं बघा. रुपया पडला तरी ढाक्याच्या आयातदाराला दिसणारा डॉलरचा भाव लगेच बदलत नाही, निर्यातदाराचा रुपयातला नफा वाढतो. त्यामुळे निर्यातीचं प्रमाण हळूहळू वाढतं. पण टका पडला तर त्याला तोच डॉलरचा भाव टक्यात ताबडतोब महाग दिसतो, आयात लगेच कमी होते. निर्यात वाढण्याची गती आणि आयात आटण्याची गती सारखी नसते. डॉलर एकाच वेळी सगळ्यांसमोर वधारला की दोन देशांमधला व्यापार आकसतो, त्यात अमेरिकेचा काही संबंध नसला तरी.

भारताची बांगलादेशला निर्यात २०२१-२२ मध्ये १६ अब्ज डॉलर होती, पुढच्या वर्षी १२ अब्जांच्या आसपास आली. त्यात कापसाचे भाव, गव्हावरची आपली बंदी अशी बरीच कारणं आहेत, सगळं दराच्या माथी मारू नये. पण दिशा तीच आहे.

---

निफाडकर

ताई, नफा वाढतो हे पहिल्या आठवड्यापुरतं. मग पार्टीचा फोन येतोच: तुमचा रुपया पडलाय, मोबाईलवर दिसतंय मला, वीस डॉलर कमी करा. आता दर सगळ्यांनाच दिसतो. खळ्याखळ्यांत स्पर्धा इतकी आहे की कोणीतरी कमी करतो आणि मग सगळ्यांनाच करावं लागतं. शेतकऱ्यापर्यंत वाढ पोचायची तर बाजारात माल कमी आणि मागणी जास्त असावी लागते. आवक तुंबलेली असली की पडलेल्या रुपयाचा फायदा सवलतीच्या रूपाने परदेशी गिऱ्हाइकाकडे जातो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, होतं तसं सांगतोय.

---

बागायतदार_दिंडोरी

द्राक्षाचं युरोपचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये कंटेनर गेले तेव्हा युरो ८५ च्या आसपास होता. जुलैमध्ये युरो डॉलरच्या बरोबरीला आला, वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि आपल्याकडे ८० च्या घरात. रॉटरडॅमला माल विकून हिशोब होऊन पैसे यायला महिने लागतात. त्यामुळे ज्यांचे पैसे उशिरा आले त्यांना किलोमागे थेट तोटा. जहाजाचं भाडं डॉलरमध्ये, तो डॉलर त्याच काळात ७५ वरून ८० ला गेलेला. खर्चाचं चलन वर आणि उत्पन्नाचं चलन खाली. त्या उन्हाळ्यातही बातमी 'रुपया घसरला' हीच होती.

बागेचा खर्चही धरा. पोटॅशचं खत पूर्ण आयात, बरीचशी औषधं किंवा त्यांचा कच्चा माल आयात. रुपया पडला की ते छाटणीच्या वेळेला महागतं, आणि फायदा झालाच तर पुढच्या एप्रिलमध्ये.

फॉरवर्ड करून ठेवा म्हणतात, म्हणजे पुढे येणारे युरो आजच ठरलेल्या दराने विकून ठेवा. मोठे करतातही. छोट्या गटाला नेमका किती माल पास होईल, रेसिड्यूच्या (औषधांच्या उरलेल्या अंशाच्या) तपासणीत काय निघेल हेच माहीत नसतं, तर किती युरो आगाऊ विकायचे?

---

मांडवीकाठी

पणजीहून. एक प्रश्न: डॉलर नकोच, थेट रुपयात व्यवहार करायचे असं दोन्ही देशांनी ठरवलं होतं ना? त्याचं काय झालं?

---

निफाडकर

ठरवलं, सुरूही झालं. रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२२ ला रुपयात परदेशी व्यापाराची सोय केली, विशेष व्होस्ट्रो खाती (परदेशी बँकेची आपल्या बँकेतली रुपयातली खाती) उघडून. बरोबर एका वर्षाने, ११ जुलै २०२३ ला, ढाक्यात रुपया व्यवहारांचा शुभारंभ झाला. त्यांच्याकडून सोनाली बँक आणि ईस्टर्न बँक, आपल्याकडून स्टेट बँक आणि आयसीआयसीआय.

अडचण साधी आहे. बांगलादेशच्या आयातदाराला रुपये द्यायचे तर ते आधी कुठून तरी मिळायला हवेत. बांगलादेश भारताला वर्षाला साधारण दोन अब्ज डॉलरचा माल विकतो आणि आपल्याकडून अकरा-बारा अब्जांचा घेतो. त्यांची सगळी विक्री रुपयात झाली तरी तेवढेच रुपये हातात येणार. उरलेल्यासाठी डॉलर लागतोच. शिवाय त्यांचा निर्यातदार म्हणणार, मला डॉलरच द्या, देशात त्याचाच तुटवडा आहे. आमच्या ओळखीतल्या कांदा व्यवहारात रुपयातलं बिल मला तरी अजून दिसलेलं नाही.

तुमच्या गोव्यातच याची उलटी बाजू जगाने ऐकली होती. मे २०२३ मध्ये बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेची बैठक झाली, तेव्हा रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव यांनी सांगितलं की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. आपण त्यांचं तेल भरपूर घेतो, ते आपला माल तेवढा घेत नाहीत. तोल एका बाजूला झुकलेला असला की स्थानिक चलन एकीकडे साचतं किंवा दुसरीकडे कमी पडतं.

---

वरुडचा_संत्रा

भाऊ, आमच्या संत्र्याचं कोणी लिहिलंच नाही. वरुड-मोर्शीचा आंबिया बहार बांगलादेशला जायचा, छोटी फळंसुद्धा जायची, ती देशात कोणी विचारत नाही. २०१९ ला किलोला २० रुपये कर होता, २०२३ ला तो ८८ रुपये झाला. फळ २५-३० चं आणि कर ८८! राज्य सरकारने निम्मं अनुदान जाहीर केलं डिसेंबर २०२३ ला, तोवर अर्धा बहार उतरला होता. हा कर विनिमय दरामुळे वाढला का? मला तर त्यांनी मुद्दाम वाढवला असं वाटते.

---

निफाडकर

भाऊ, दोन्ही. मी संत्र्याचे कागद केलेले नाहीत, पण सीमेवरच्या ज्या एजंटांशी आमचं रोजचं बोलणं असतं त्यांच्याकडून आणि जाहीर आदेशांवरून सांगतो.

मुद्दाम वाढवला हे खरंच. डॉलर वाचवायचे म्हणून मे २०२२ मध्ये त्यांनी फळं, फुलं, फर्निचर, सौंदर्यप्रसाधनं अशा शंभरावर वस्तूंवर नियामक शुल्क वाढवलं, फळांवर ३ चं २० टक्के केलं. जुलैमध्ये अनावश्यक आयातीच्या एलसीसाठी शंभर टक्के रोख रक्कम आधी भरायची अट घातली, फळंही त्या यादीत होती. म्हणजे डाळ-तांदूळ आधी, संत्रं नंतर. टंचाईत डॉलर वाटून द्यायची वेळ आली की फळाचा नंबर शेवटी लागतो. कांदा स्वयंपाकाला लागतोच म्हणून तो त्यातून सुटला.

आता दराचा भाग. तिथलं कस्टम फळाचं किमान मूल्य स्वतः डॉलरमध्ये धरतं. तुमच्या बिलावर काहीही लिहिलेलं असो. त्या मूल्याचे त्या वेळच्या दराने टका करायचे आणि त्यावर टक्केवारीने कर, सगळे मिळून शंभर टक्क्यांच्या पुढे. समजा, किलोचं मूल्य ०.७० डॉलर धरलं आणि कर बरोबर शंभर टक्के. ८६ च्या दराने कर ६० टका. ११७ च्या दराने ८२ टका. कराच्या टक्केवारीत काडीचाही बदल न होता किलोमागे २२ टका वाढले. टका पडला की फळाची किंमत वाढते आणि तिच्यावरचा करही वाढतो.

म्हणून अनुदानाचा हिशोब रुपयात बांधून ठेवला की तो पुढच्या बहाराला कमी पडतो. मागणी करायची तर मूल्य किती डॉलर धरतात ते कमी करून घेण्याची करा, म्हणजे दोन्ही देशांच्या बोलण्यांत तो मुद्दा यायला हवा. छोट्या फळाला आणि मोठ्या फळाला एकच मूल्य लावतात का, हे तुमच्या भागातल्या पाठवणाऱ्यांना विचारून इथे लिहाल का?

---

वरुडचा_संत्रा

विचारतो. आमच्या गावचे दोघं-तिघं अजून पेट्रापोलच्या सीमेवर गाड्या धाडतात. त्यांच्याकडे जुनी बिलं असतील, मूल्याचा आकडा त्यावरच सापडेल.

---

चष्मेबद्दूर

रुपया-टका दर रोज कुठे बघायचा ते सांगाल का कोणी?

---

निफाडकर

आपल्याकडे रोज जो संदर्भ दर जाहीर होतो त्यात डॉलर, युरो, पौंड, येन ही मुख्य चलनं असतात, टका नसतो. बांगलादेश बँकेच्या संकेतस्थळावर डॉलरचा टक्यातला दर मिळतो. त्याला आपल्या डॉलरच्या दराने भागा, झालं. फक्त जाहीर दर आणि आयातदाराला प्रत्यक्ष पडलेला दर यात फरक आहे का, ते पार्टीला फोन करूनच कळतं. मी दर सोमवारी हा भागाकार करतो. उद्यापासून इथे टाकत जाईन, आणि @देरा_दुबई, तुम्ही अल अवीरचा भारतीय आणि पाकिस्तानी कांद्याचा भाव त्याखाली लिहीत जा.